चौथं रीळ

पोस्टरवर छापलं होतं : पाच भुतं, एक तिकीट.
खाली निळ्या पेनानं कुणीतरी वाढवलेलं :
पगाराचं भूत धरून सहा.

बाळीवेशीतली चंद्रकला टॉकीज, मे महिना.
पंखे फिरत होते, वारा फक्त पडद्यातल्या झाडांना.
माझ्या शर्टाच्या आत, घामानं पोटाला चिकटलेलं
इराबत्तीच्या दुकानातलं भुताचं चित्रपुस्तक,
दिवसाला चार आणे, पान फाटलं तर रुपया.

तसल्याच पुस्तकांवरून काढलेला सिनेमा.
आधी नुसतं पान उलटायचं,
मग चौकटीतला माणूस डोळे मिचकावायचा
आणि त्याच्या तोंडावरचा पांढरा फुगा
शब्दांसकट फुटायचा.

इराबत्तीच्या पुस्तकांत लाल रंग कधी जागेवर बसला नाही.
जखम इथे, रक्त बोटभर पलीकडे.
मेलेल्याची सावली त्याच्या आधीच पुढच्या चौकटीत.
मी आईला दाखवलं. विड्या वळता वळता,
वर न बघता म्हणाली,
कच्चा रंग उतरतोच रे.

पहिल्या गोष्टीत दातांचा डॉक्टर होता,
बरणीतले दात रात्री आपसात बोलायचे.
दुसरी आठवत नाही.
तिसरीत विहीर, आणि विहिरीत
दुसरंच, वेगळ्या चांदण्यांचं आभाळ.
पब्लिकनं शिट्ट्या मारल्या.

चौथीचा डबा पुण्याहून एसटीनं यायचा होता.
टेंभुर्णीला उतरला की चढलाच नव्हता,
कंडक्टर अजून शपथा घेतो.

पडदा पांढराफटक. आधी टाळ्या,
मग तिन्ही भाषांतल्या शिव्या,
मग खुर्च्यांचे खिळे उपटल्याचे आवाज.
तेवढ्यात मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून
माझ्या बापाचा आवाज आला. मल्लेशम दुडम, ऑपरेटर.
घरी आठवड्याला दहा वाक्यं बोलणारा माणूस.

बसा, म्हणाले. चौथी मी सांगतो.

गिरणी बंद पडून दोन वर्षं झालेली.
एका रात्री अकराला भोंगा होतो.
माणसं उठतात. झोपेतच डबा बांधतात,
डब्यात काही नसतं, तरी झाकण दाबून लावतात.
गेटवर पहारेकरी. त्याच्या वहीत
आजची हजेरी कालच मांडलेली.
आत साचे नाहीत, ते केव्हाच भंगारात.
पण जो तो आपापल्या साच्याच्या जागी उभा राहतो,
हवेत धोटा फेकतो, हवेतच झेलतो,
तुटलेला धागा शोधतो, सापडला की गाठ मारतो.
कुणी कुणाशी बोलत नाही. एवढ्या आवाजात बोलणार काय!
पहाटे घरी येतात. बायको विचारते,
अहो, केसांत कापूस कसला?

थांबले.
थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग पुढच्या, चार रुपयेवाल्या रांगांतून
एक म्हातारा आवाज, अगदी सरळ, चौकशीचा :
पगार झाला का?

एकजण हसला. एकटाच असल्याचं कळलं तसा गप्प झाला.
किरणात धूळ तरंगत होती.
मी वळून बघितलं. भोकात प्रकाश होता,
प्रकाशामागे बाप दिसत नव्हता.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, अयिपोयिंदी. संपली.
आणि पाचवं रीळ लावलं.

परवा फोनवर तो सिनेमा सबंध सापडला.
चौथी गोष्ट कुठल्याशा जादूगाराची, आरशाची.
नवी, धुऊन स्वच्छ केलेली प्रत.
रक्त बरोब्बर जखमेवर,
एक थेंब रेषेबाहेर नाही.
अर्ध्यात चहा ठेवायला उठलो.

त्या रात्री आम्ही सायकलवरून घरी आलो.
गिरणीवरून जाताना वडिलांनी घंटी वाजवली,
रस्त्यावर कोणी नसताना.
घरी आईनं जेवण वाढलं, आणि वाढता वाढता
त्यांच्या केसांतून काहीतरी चिमटीत उचललं,
बल्बपुढे धरून बघितलं,
आणि काही न विचारता
तंबाखूच्या सुपात टाकून दिलं.